वापरलेल्या वस्तूंचे सुख

आपल्या समाजात काही वस्तू दुसऱ्याने वापरलेल्या चालतात आणि काही मुळीच चालत नाहीत. आजीची पाटली किंवा पणजीची नथ अंगावर घालताना कोणाही स्त्रीला संकोच वाटत नाही. उलट तो अभिमानाचा विषय असतो. तांब्याचा हंडा, पितळी समई, शिसवी देव्हारा, वडिलोपार्जित घर ही सारी जितकी जुनी तितकी मोलाची. पण तोच न्याय खुर्चीला, पलंगाला किंवा सदऱ्याला लावून पाहा! "कोणाच्या घरातले आहे कोण जाणे" एवढे एक वाक्य उच्चारले की विषय संपतो. त्यातून वस्तू परक्याची, आणि ती पैसे मोजून घेतलेली असेल, तर बोलायलाच नको. आम्हीही याच समजुतीत वाढलो आणि गेल्या वर्षापर्यंत तिच्यात सुखाने नांदत होतो. ती मोडली हैदराबादेजवळच्या, किंबहुना आता हैदराबादेतच मिसळून गेलेल्या, कुकटपल्ली नावाच्या उपनगराने.

कुकटपल्ली हे ठिकाण आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिलेले नसेल. प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत त्याचे नाव येत नाही. शहराच्या वायव्येस, मुंबईकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर ते वसले आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू तंत्रशास्त्र विद्यापीठाचे आवार येथेच आहे. आंध्र प्रदेशच्या गृहनिर्माण मंडळाने मध्यमवर्गीयांसाठी बांधलेली विस्तीर्ण वसाहतही येथलीच. लोक तिला 'के. पी. एच. बी.' एवढ्याच अक्षरांनी ओळखतात. १९९८ साली माधापुरात 'सायबर टॉवर्स' उभे राहिले आणि संगणकाच्या धंद्यातील तरुण मुलामुलींचा लोंढा या बाजूला वळला. २००७ साली कुकटपल्लीची नगरपालिका बृहन्‌हैदराबाद महानगरपालिकेत विलीन झाली, २०१७ च्या अखेरीस डोक्यावरून मेट्रो धावू लागली, आणि आज त्या रस्त्यावर माणसाला माणूस खेटून चालतो. आमचा भाचा याच वसाहतीत राहतो. त्याची पत्नी पहिलटकरीण. दिवस भरत आलेले. तेव्हा चार दिवस जाऊन यावे, काही हवे-नको ते पाहावे, या हेतूने आम्ही उभयता तेथे गेलो होतो.

घर पाहून आम्ही संतुष्ट झालो. जेवणाचे टेबल अस्सल सागवानी, पुस्तकांचे कपाट काचेच्या दारांचे, खिडकीशी वेताने विणलेली आरामखुर्ची. इतक्या लवकर मुलांनी एवढे सारे जमवले याचे कौतुक आम्ही बोलून दाखवले, तेव्हा सूनबाई हसून म्हणाली, "मामा, यांतले नवे काहीच नाही. हे टेबल एका निवृत्त प्राध्यापकांचे. मुलाकडे कायमचे जायचे म्हणून त्यांनी विकले. कपाट खालच्या मजल्यावरच्यांचे. खुर्ची रविवारच्या बाजारातली." आमच्या चेहऱ्यावरचा भाव तिने ओळखला असावा. लगेच तिने पुस्ती जोडली, "आणि तुम्ही बसला आहात तो दिवाणसुद्धा."

आम्ही उठलो नाही, एवढेच.

नंतर विचार करता ध्यानात आले की कुकटपल्लीत हे असेच घडणार. तेथे येणारा तरुण एक सुटकेस घेऊन येतो. प्रथम वसतिगृहातील खाट, मग दोघा-तिघांत मिळून घर, मग लग्न, मग अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर घरे बदलणे. एके दिवशी अमेरिकेचा किंवा बंगळूरचा कागद येतो आणि दोन सुटकेसी घेऊन बिऱ्हाड हलते. त्या सुटकेसींत न मावणारे सगळे मागे उरते. फ्रीज, पलंग, लिहिण्याचे मेज, लग्नात आलेला सोफा आठ दिवसांत घराबाहेर निघायला हवा असतो. एका मजल्यावरचे बिऱ्हाड मोडते त्याच सुमारास दुसऱ्या मजल्यावर नवे मांडले जाते. वस्तू मात्र वसाहतीच्या बाहेर जात नाहीत. जिना उतरतात आणि दुसरा जिना चढतात. आमच्या भाच्याचे कपाट तिसऱ्यांदा हात बदलून आलेले होते आणि त्याच्या आतल्या बाजूस तिन्ही घरांतील मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्या पुसायच्या नाहीत असे सूनबाईने ठरवून टाकलेले.

पुढच्या रविवारी ती दोघे आम्हाला एर्रागड्ड्याच्या बाजारात घेऊन गेली. म्हणजे भाचा घेऊन गेला. सूनबाई मेट्रोच्या जिन्यापर्यंत आली आणि तेथून काय पाहावे, काय घेऊ नये, याच्या सूचना देऊन माघारी वळली. के. पी. एच. बी.पासून एर्रागड्डा हे पाचवे स्थानक. रविवारी तेथे रस्त्याच्या कडेने मेणकापडे पसरून जुना बाजार भरतो. मिक्सरची भांडी, गिरमिटे, कुलपे, बिनजोडीचे बूट, रिमोट, तारांची भेंडोळी आणि कपड्यांचे ढीग मांडलेले. प्रथमदर्शनी तो सारा कचरा वाटतो. दहा मिनिटे उभे राहिले की डोळा सरावतो आणि कचऱ्यातून वस्तू वेगळ्या दिसू लागतात. या बाजाराचे खरे सुख येथेच सुरू होते. नव्या दुकानात एका रंगाचे पन्नास सदरे असतात आणि निवड आपली नसून कारखानदाराची असते. येथे प्रत्येक सदरा एकुलता एक असतो; तो मिळाला तर आज, नाही तर कधीच नाही.

भाषेची अडचण पडेल अशी आम्हाला धास्ती होती. पण हैदराबादची दखनी कानी पडली आणि ती गेली. आम्ही किंमत ऐकून सवयीने "नको" म्हणालो, तर विक्रेता शांतपणे उत्तरला, "नक्को तो नक्को, पर हात लगा के तो देखो." हा 'नक्को' आपल्या 'नको'वरूनच दखनीत गेला असे जाणकार सांगतात. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता, त्यामुळे असली देवाणघेवाण नवलाची नव्हे. घासाघीस करताना मात्र परमुलखात माहेरचा शब्द भेटल्याने बळ येते, हे खरे.

आम्ही एक सुती सदरा ऐंशी रुपयांना घेतला. आयुष्यातला पहिला वापरलेला परका कपडा! घेण्यापूर्वी भाच्याने तो उलटा करून दाखवला. कॉलरची घडी विरली आहे का, काखेत कापड तुटले आहे का, काजी फाटल्या आहेत का, शिवण आत किती सोडली आहे, हे सारे कपडा उलटा केल्यावर कळते. सुती कापड चाळीस-पन्नास धुण्यांनंतर जसे मऊ होते तसे कोणताही गिरणीवाला नवे विकू शकत नाही. शिवाय जे आटायचे ते आटून गेलेले, जो रंग जायचा तो गेलेला. पुढे फसवणूक होण्याची शक्यता राहत नाही. कॉलरच्या आत धोब्याची काळी खूण होती. पूर्वी ही खूण बिब्ब्याने करीत आणि ती कापडाबरोबरच संपे. कोणा माणसाची परीटघडी, त्याचे इस्त्री केलेले सोमवार, त्या दोन रेघांत शिल्लक राहिले होते.

हे कपडे येतात कोठून, हे सांगायला हवे, कारण आपण प्रत्येकाने त्यात भर घातलेली असते. मुंबई-पुण्याकडच्या गृहिणींना बोहारीण परिचयाची आहे. जुने कपडे घ्यायचे आणि त्यांच्या मोबदल्यात स्टीलची भांडी द्यायची, हा तिचा व्यवसाय. एका पातेल्यासाठी तीन साड्या की चार, यावरून दारात होणारे युद्ध ज्याने ऐकले नाही त्याचे बालपण अपुरेच म्हणावे. तेलंगणातही गल्लीगल्लीतून "पात बट्टलकु स्टीलु सामान्लु" अशी हाक येते; अर्थ तोच, जुन्या कपड्यांना स्टीलची भांडी. हा धंदा मुख्यतः गुजरातेतून आलेल्या वाघरी, म्हणजे आता स्वतःस देवीपूजक म्हणविणाऱ्या, समाजातील स्त्रियांनी देशभर वाढवला. दिल्लीच्या रघुबीरनगरात त्यांचा बाजार पहाटेच्या अंधारात भरतो. तेथून कपडा निवडला जातो, धुतला जातो, उसवलेला शिवला जातो, इस्त्री होऊन पुन्हा रस्त्यावर येतो. जो नेसण्याजोगा राहत नाही त्याची पुसणी होतात. लोकरीचे कपडे पानिपतास जातात. तेथे ते फाडून, पिंजून, पुन्हा कातून त्यांची ब्लँकेटे विणतात, आणि भूकंप-महापुराच्या वेळी निराधारांच्या अंगावर पडतात ती पुष्कळदा हीच. परदेशांतून जहाजाने येणाऱ्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे कांडल्याच्या मुक्त व्यापार क्षेत्रात उतरतात. ते क्षेत्र १९६५ सालचे. गीतेत जीर्ण वस्त्रे टाकून नवी घेणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आहे. टाकलेली वस्त्रे पुढे कोण नेसतो हे तेथे सांगितलेले नाही. ते सांगण्याचे काम या बायका करतात.

आणि आपला विटाळ तरी किती सोयीचा! आपल्या गोव्यातील देवळांत देवीला नेसवलेले लुगडे प्रसाद म्हणून मिळावे यासाठी सुवासिनी वाट पाहतात. उत्सवात पावणी होते तेव्हा देवाला वाहिलेल्या वस्तू चढाओढीने मोल वाढवून घेतल्या जातात, आणि ज्याला त्या मिळतात तो स्वतःला भाग्यवान समजतो. जन्मलेल्या मुलाच्या अंगाला प्रथम लागते ते कापडही जुनेच असते. आजीच्या विरलेल्या लुगड्याची बाळोती आणि दुपटी करायची, कारण नवे कापड कोवळ्या कातडीला टोचते, हे आपल्या बायकांना कोणी शिकवावे लागले नाही. थंडीत अंगावर येणारी गोधडी तर चार-पाच जणांच्या जुन्या वस्त्रांचे संमेलनच असते. तात्पर्य, वापरलेल्या वस्त्राचे आपल्याला वावडे नाही. वावडे आहे ते अनोळखी माणसाचे, आणि त्यातही तो आपल्यापेक्षा खालचा असेल या भीतीचे. हे लिहिताना आम्ही स्वतःस त्यातून वगळीत नाही.

हैदराबाद शहराला तर जुन्या वस्तूंचे व्यसनच आहे. पुराणापुलाच्या बाजूस जुमेरात बाजार भरतो; जुमेरात म्हणजे गुरुवार. आबिड्सच्या पदपथावर रविवारी जुनी पुस्तके मांडली जातात. १९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईनंतर आणि १९४९ साली जहागिरी रद्द झाल्यावर कित्येक देवड्यांतील ऐश्वर्य उतरणीला लागले. आणि जगप्रसिद्ध सालारजंग संग्रहालय हे तरी दुसरे काय आहे? तिसरे सालारजंग मीर यूसुफ अली खान हे १९४९ साली निवर्तले तोवर त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांतून निघालेल्या वस्तू घेतल्या. १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्यांच्या दिवाण देवडीत संग्रहालय उघडले. नबाबाने घेतले म्हणजे संग्रह, कारकुनाने घेतले म्हणजे जुनेपाने. भाषेत हा भेदभाव फार मुरलेला आहे.

तरी सुखाच्या भरात सावधपणा सुटू नये. लाकडी सामान घेताना ते उचलून पाहावे. सागवान आणि शिसव जड असतात. लाकडाच्या भुश्शाचे दाबून केलेले फळे जडही असतात, पण त्यांच्या कडा पाण्याने फुगलेल्या दिसतात. पायाशी पिठासारखी भुकटी पडलेली असेल तर आत कीड जिवंत आहे असे समजून पुढे चालू लागावे. खण ओढून त्याची मागची बाजू पाहावी, कारण सुतार समोर खोटे बोलतो, मागे बोलत नाही. पलंग घ्यायचा तर फटीफटींतून ढेकूण तपासावेत, दोन दिवस कडक उन्हात ठेवावा, उकळते पाणी ओतावे. गादी आणि उशी मात्र परक्याची घेऊ नये, येथे आमचा जुना आग्रह कायम आहे. आणि ज्या वस्तूची किंमत फारच कमी आहे व जिचा मालक फारच घाईत आहे, तिचा नाद सोडावा. ती कोणाच्या तरी घरातून न विचारता आलेली असू शकते.

याच संदर्भात एक गोष्ट मनाला लागून राहिली. २०२० च्या टाळेबंदीत कचेऱ्या घरोघरी गेल्या, कुकटपल्लीतील वसतिगृहे ओस पडली आणि सामान कवडीमोलाने निघाले. भाच्याने त्या दिवसांत एका तरुणाकडून लिहिण्याचे मेज घेतले. नोकरी गेलेली, गावी परतायचे. मेज वर्षभराचेही नव्हते. भाच्याने रीतीप्रमाणे किंमत पाडून मागितली आणि त्या मुलाने एका शब्दानेही वाद न घालता होकार दिला. "मामा, तो भांडला असता तर बरे झाले असते," असे भाचा आम्हाला म्हणाला. घासाघीस हा बरोबरीच्या माणसांचा खेळ आहे. समोरच्याला 'नाही' म्हणण्याची सोय उरली नसेल तेथे मागेल ती किंमत द्यावी, किंवा घेऊच नये.

हे आम्हाला विशेष झोंबले याचे कारण आम्ही एकदा पलीकडच्या बाजूस उभे होतो. १९६१ नंतर आणि पुढेही कित्येक वर्षे गोव्यातील घराघरांतून शिसवी सामान बाहेर गेले. काही घरे पोर्तुगालला निघून गेली, काहींच्या वाटण्या झाल्या, काहींना फॉर्मायकाचा मोह पडला. हिप्पी मंडळींनी १९७० च्या दशकात हणजुणेच्या किनाऱ्यावर आपले उरलेसुरले विकून परतीच्या प्रवासाचे पैसे उभे केले, त्यातून बुधवारचा प्रसिद्ध बाजार उभा राहिला. ते आपण मोठ्या गमतीने पाहत होतो. आपल्याच माजघरातून काय जात आहे हे मात्र पाहिले नाही. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू परदेशी जाऊ देत नाही. पण मडगावाहून मुंबईला जाणाऱ्या टेंपोला तो काय करणार? १९८८ साली घराची दुरुस्ती निघाली तेव्हा आमच्याही दारात एक जुन्या सामानाचा व्यापारी आला. लांब हातांच्या दोन वोल्तेर खुर्च्या आणि सावंतवाडीच्या चिताऱ्याने लाखेने रंगवलेला पाळणा, सारे मिळून साडेसातशे रुपये. पाळण्याच्या कड्यांना पितळी साखळ्या होत्या. त्यात आमचे वडील निजले होते, आम्ही निजलो होतो. आई तेव्हा काही बोलली नाही. टेंपो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत ती पडवीत उभी होती, एवढे आठवते.

आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी सूनबाई म्हणाली की पाळणाही जुनाच पाहिला आहे, दोन गल्ल्या सोडून, फक्त तुम्ही दोघे बरोबर चला. पाळणा घरचा असावा किंवा नवा, असे आमच्या सौभाग्यवतीचे मत होते आणि ते तिने वाटेत दोनदा सांगितले. घर एका तेलुगू कुटुंबाचे. मुलगा-सून परदेशी स्थायिक झालेली, घर विकायला काढलेले, सामानाची आवराआवर चाललेली. पाळणा साधाच, सागवानी, चौकटीवर टांगलेला. कोरीवकाम म्हणून फक्त दोन पोपट. आम्ही रीतीप्रमाणे सांधे तपासले, पायाशी भुकटी आहे का पाहिले. भुकटी नव्हती. किंमत सूनबाईने आधीच कबूल केली होती, ती आम्ही मोजून दिली.

हमाल पाळणा उचलू लागला, तेव्हा त्या घरच्या वृद्ध बाईंनी त्याला हाताने थांबवले. आत जाऊन त्या एक नारळ घेऊन आल्या, त्याला हळद-कुंकू लावले आणि तो पाळण्यात ठेवून एक झोका दिला. रिकामा पाळणा हलवू नये अशी आपल्याकडे समजूत आहे. त्या बाईंचे तेलुगू आम्हाला कळत नव्हते आणि आमचे मराठी त्यांना. पण आमच्या सौभाग्यवतीने पदर सावरला आणि पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन तिनेही झोका दिला. नारळ फुटू नये म्हणून परतीच्या वाटेवर रिक्षात तो तिने मांडीवर धरला होता.

बारसे पुढच्या महिन्यात कुकटपल्लीतच झाले. आमच्या आईचे एक नऊवारी लुगडे अजून पेटीत होते. बाळोत्यांसाठी ते आम्ही जाताना बरोबर नेले.